अलीकडच्या उताराचा पक्षी

माझी बायको उबाल्दिना रंगारी. बाएसाच्या रस्त्यावर धावणाऱ्या निम्म्या बसगाड्यांवरची नावं तिच्या हातची. शिडी धरायला मी. जत्रेआधी बसथांब्याची भिंत रंगवायचं काम तिला मिळालं आणि ग्रामसमितीचे अध्यक्ष डॉन एफ्राइन एक छापील चित्र घेऊन आले. हमिंगबर्डचं. शेपटीला दोन तारा, तारांच्या टोकाला चकत्या, पायांत पिसांचे पांढरेशुभ्र मोजे.

"हा आपला नाही," उबाल्दिना म्हणाली. "हा डोंगरापलीकडचा, समुद्राकडच्या उताराचा. आपल्याकडच्याचे मोजे तांबूस असतात."

"अगं, पक्षी बोटाएवढा! त्याचे पाय बघतंय कोण?"

"मी बघते."

"शनिवारी पाहुणे येणार आहेत. चित्रात आहे तसं काढ."

तिनं दोन पुरुष उंच पक्षी काढला. पाय तेवढे सोडले. पोटाखाली कोरा चुना. एक ड्रायव्हर गाडीतून ओरडला, "काय हो, पाय मागच्या गाडीनं येणार का?"

रोज सकाळी ती समितीच्या कचेरीच्या दारात. "माझ्या भावाच्या बागेत चला, तिथे तो येतो. अर्धा तास." अध्यक्ष म्हणायचे, उद्या. बुधवारी मात्र चिडले. "दुसरा रंगारी आणतो मी!"

घरी मी म्हटलं, "दे ना दोन पांढरे ठिपके. काय बिघडतं?"

तिनं माझ्यापुढे उकडलेल्या युकाच्या कंदाचं ताट ठेवलं. "बाएसाला जाणाऱ्या गाडीवर राजधानीचं, कीटोचं नाव लिहिलं तर चालेल तुला?"

मी ताट पुढे ओढलं.

गुरुवारी ती थेट अध्यक्षांच्या घरी गेली, मीही मागोमाग. त्यांची आई दोन्या रोसेंदा अंगणात मक्याची कणसं सोलत होती. सगळं ऐकून म्हातारी फणकारली, "पांढरेच असतात. लहानपणी मी हातात धरलाय."

"कुठे?"

"मिंदोला, माहेरी."

"म्हणजे पलीकडे. इथला कधी बघितलात?"

म्हातारीचे हात थांबले. "इथे सवड कुणाला होती, पोरी? सहा मुलं, बारा गाई." मग तिनं घराकडे तोंड करून हाक मारली, "एफ्राइन, गाडी काढ!"

भावाच्या बागेत धुकं होतं. साखरपाण्याच्या बाटलीवर दुसरेच पक्षी भांडत होते. तासभर मोजेवाला काही येईना. डॉन एफ्राइन उठले, तशी उबाल्दिना फाटकात आडवी उभी राहिली. "पाय बघितल्याशिवाय कुणी जायचं नाही."

"तू मला अडवणार?"

"अडवलंय."

तेवढ्यात तो आला, भुंग्यासारखा घूं घूं करत, आणि म्हातारीसमोरच्या फुलावर तरंगत राहिला. दोन्या रोसेंदा पुढे वाकली.

"भाजलेल्या मक्यासारखे आहेत रे," ती हळूच म्हणाली. "एवढी वर्षं इथे काढली मी."

डॉन एफ्राइननी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "बरं. रंगव," एवढंच म्हणाले.

शुक्रवारी पहिला रंग विटकरी झाला, दुसरा फिका. तिसरा जमला. संध्याकाळपर्यंत ती शिडीवरून उतरली नाही.

शनिवारी राजधानीचा एक पाहुणा भिंतीपाशी थबकला. "पाय चुकलेत तुमचे."

"चुकले नाहीत," डॉन एफ्राइन म्हणाले. "पांढरे पलीकडचे. हे आमचे."

उबाल्दिना शेजारीच तळलेला मासा खात होती. तिनं मानही वर केली नाही. दोन्या रोसेंदा मात्र तिला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरी, माझ्या स्वयंपाकघरात एक काढून देशील? पांढऱ्या मोज्यांचा?"

सोमवारी मी शिडी खांद्यावर घेतली.