राणीछाप रुपयांची काळी माळ

नातीच्या, म्हणजे हर्षाच्या लग्नाला बारा दिवस उरले होते, तेव्हा माझ्या बायकोनं, जमुनानं, पेटीतून राणीछाप रुपयांची माळ काढली. चांदीचे अकरा रुपये, सगळे तव्यासारखे काळे. आमच्या घरी नवरी मांडवात जायच्या आधी आजी ही माळ तिच्या गळ्यात घालते. मग वरपक्षाच्या बाया येऊन एकेक रुपया बोटानं चाचपून पाहतात.

"चिंच भिजवली हाय, आजी," हर्षा म्हणाली. "उद्या राखेनं घासून टाकू."

 अकरापैकी दोन रुपये चांदीचे नव्हते, आणि ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती.

तीस वर्षांपूर्वी दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात मला राजाचं काम मिळालं. तेव्हा अक्षरओळख नव्हती, सारं भाषण ऐकून पाठ केलं होतं. पण नाटक मंडळाचा मुकुट पुठ्ठ्याचा, त्यालाही वाळवी लागलेली. असा राजा मी व्हायचो नाही, म्हणून माळेतले दोन रुपये सोनाराला विकले आणि झगमगता मुकुट, मखमलीचा शेला आणला. जमुनाला सांगितलं, मंडळानं दिला. गोरेगावच्या बाजारात खोटे दागिने विकणारा एक गिलटवाला बसायचा. त्याच्याकडून पितळेवर मुलामा दिलेले दोन रुपये घेतले, रॉकेलच्या चिमणीच्या काजळीवर काळे केले आणि माळेत ओवले. आता राख लागली की मुलामा जाणार आणि पितळ बाहेर येणार. व्याह्यांच्या आधी जमुनाच मला मांडवाबाहेर काढणार.

पंचावन्नाव्या वर्षी मी साक्षरता वर्गात वाचायला शिकलो. तेव्हापासून रोज ओसरीत पेपर मोठ्यानं वाचतो आणि जमुना तांदूळ निवडत ऐकते. मी पेपर उघडला.

"हे पाय का लिहिलं हाय! 'जुनी नाणी घासू नये. काळेपणातच त्यांची किंमत असते. घासलेल्या नाण्याला जाणकार हात लावत नाही.'"

हर्षा मागून डोकावली. "आबाजी, इथं तर धानाच्या बियाण्याची जाहिरात हाय."

"मागच्या पानावर हाय ते."

"मागच्या पानावर किरकेट हाय."

आता जमुना माझी खरडपट्टी काढणार म्हणून मी मान खाली घातली. पण ती म्हणाली, "पेपरात आलं असन तं राहू द्या बापा. कायले घासाचं?"

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्या पहिल्या शब्दाला कधी हो म्हणाली नव्हती. मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षा विहिरीकडून आली. हातात ओली माळ. "पेपरात काहीच नव्हतं, म्हणून मीच घासली," ती म्हणाली. "पण आबाजी, हे काऊन असं?"

सात रुपये चांदण्यासारखे पांढरे. चार पिवळेधमक.

मी पुन्हा मोजले. माझे दोन. मग बाकीचे दोन कोणाचे? मी जमुनाकडे पाहिलं. ती आढ्याकडे पाहत होती.

"जमुना?"

"आधी तुमी सांगा."

मी मुकुटाचं सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. पदराशी चाळा करत म्हणाली, "मी भावाकडे आमगावले चार दिवस गेली होती, आठवते? नव्हती गेली. माळेतले दोन रुपये इकले. शेजारच्या सुलोचनाबाईसंगं गोंदियाहून छोट्या लायनीच्या रेल्वेत बसली, जबलपूरले. भेडाघाटचा धबधबा पाहून आली."

"आणि तुझा भाऊ? तो तं म्हणे, ताई लय राबली आमच्या घरी!"

"त्याले मी जिलेबी आणली होती."

हर्षा पोट धरून हसायला लागली.

"खोटे रुपये कोठून आणले?" मी विचारलं.

"गोरेगावच्या गिलटवाल्यापासून. वीस रुपयाले दोन. तुमी?"

"पंचवीसले."

"मी दहा वर्षांनी घेतले तरी वीसले. फसले तुमी," जमुना समाधानानं म्हणाली आणि चिमणी पेटवायला उठली. हर्षानं चिमट्यात एकेक रुपया धरला, जमुनानं वात मोठी केली. संध्याकाळपर्यंत अकराही रुपये पूर्वीसारखे काळे झाले.

लग्नाच्या दिवशी व्याहीणबाईंनी माळ हातात घेतली. "बाई, एवढी काळी? घासली काऊन नाही?"

मी तोंड उघडायच्या आत जमुना पुढे झाली. तिला स्वतःचं नावही लिहिता येत नाही.

"जुनी नाणी घासाची नसतेत, व्याहीणबाई," ती म्हणाली. "पेपरात आलं होतं. आमच्या घरी रोज वाचतेत."