बदामाखालची स्लाईड

निडी स्टेशनवरून ओढा ओलांडून गेलं की जी कातकरवाडी लागते, तिथल्या शाळेला नवोपक्रम स्पर्धेत तालुक्यात पहिला नंबर मिळाला. पण तो मिळालाच नाही असं धरून चालू. रघुनाथ गुरुजी तसंच धरून चालतात, आणि शाळेत गुरुजी ते एकटेच.

"दत्ता, तू स्लाईड तीन आहेस. तीनने लोळत यायचं नाही," गुरुजी पटांगणात ओरडत होते.

"लोळत नाय गुर्जी. माझं ॲनिमेशन हाय ते."

याला कारण ट्रान्सफॉर्मर.

गुरुजी पेणला राहत आणि रोज पॅसेंजरने निडीला उतरत. त्यांच्या नोकरीत उल्लेखनीय असं काही घडलं नव्हतं आणि त्यांची तशी तक्रारही नव्हती. मग रोह्याला एक प्रशिक्षण झालं. पॉवरपॉइंटवर प्रश्नमंजूषा. उत्तरावर क्लिक केलं की बरोबर असेल तर 'शाब्बास'ची स्लाईड, चुकीचं असेल तर 'चूक, पुन्हा प्रयत्न करा'ची. निवृत्तीला टेकलेल्या माणसाला एवढ्याच्या प्रेमात पडायचं काही कारण नव्हतं, पण पडले. संध्याकाळभर लॅपटॉपसमोर. बायको, विमल, विचारी, "आमटी कशी झालीय?" तर गुरुजी म्हणत, "पर्याय दे."

प्रश्नमंजूषा तयार झाली, गुरुजी लॅपटॉप घेऊन शाळेत आले आणि वाडीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. तो बदलायचं काम सुरू आहे असं सांगण्यात आलं, आणि अजूनही सांगण्यात येतं.

गुरुजींनी पोरांकडे पाहिलं. पोरांनी गुरुजींकडे.

"ठीक आहे," गुरुजी म्हणाले, "तुम्हीच स्लाईड."

प्रत्येक पोराच्या हातात पाटी, पाटीवर प्रश्न. डोक्याला बोट लावलं की क्लिक. लिंक म्हणजे पळत जायचं. डबल क्लिक म्हणजे टपली, तिला बंदी होती, तरी दत्ताला पडायची. 'शाब्बास' व्हायला मारामारी झाली आणि ते विलासला मिळालं. 'चूक' व्हायला कोणी तयार होईना.

"मी व्हते," करिश्मा म्हणाली. चौथीतली पोर. जाऊन बदामाच्या झाडाखाली उभी राहिली.

आठवडाभर तिने लिहिलेलं तेवढंच म्हटलं. मग कुंडलिका नदी कशाला मिळते या प्रश्नावर दत्ताने 'डोंगराला' निवडलं आणि लोळत बदामाखाली पोचला.

"पानी वर चढतं का रं?" करिश्माने विचारलं. "तुझा बा चढंल, पानी नाय. पानी कुठं जातं ता बग नि परत ये. नाय, परत जा."

"करिश्मा," गुरुजी म्हणाले, "स्लाईडने एवढं बोलायचं नसतं."

"मंग त्याला कळंल कसं गुर्जी? नुसतं चूक म्हनलं का तो दुसऱ्यावर बोट ठेवील."

प्रशिक्षणात हा मुद्दा आला नव्हता. गुरुजींनी तो मान्य केला.

त्यानंतर पोरं मुद्दाम चुकायला लागली. बदामाखाली रांग लागे. करिश्मा प्रत्येकाला वेगळं काहीतरी ऐकवी, पोरं हसत परत जात आणि बरोबर उत्तर देत. विलासला मात्र दिवसभर गिऱ्हाईक नसे. 'शाब्बास' पाटी घेऊन तो एकदा चक्क रडला.

दिवाळी जवळ आली तेव्हा गुरुजींनी सांगितलं, आता प्रत्येकाने स्वतःचा खेळ करायचा. करिश्माने केला. नाव 'टेम्पो'. मुकादमाचा टेम्पो वाडीवर आलाय, सगळ्यांना वीटभट्टीवर न्यायला. तुम्ही कुठं लपाल? पर्याय: ओढा, करवंदीची जाळी, शाळा.

गुरुजींनी ओढ्याच्या डोक्याला बोट लावलं. ओढ्याने त्यांना टेम्पोकडे पाठवलं. जाळीनेही. शेवटी ते विश्वासाने शाळेकडे गेले. शाळा दत्ता होता. त्यानेही टेम्पोच दाखवला.

"यात बरोबर उत्तर कुठाय गं?"

"ता अजून केला नाय," करिश्मा म्हणाली. "तुमी सांगा, मी जोडते."

गुरुजी त्या संध्याकाळी तिच्या बापाकडे, सोमाकडे गेले. सोमा भांडी गोणीत भरत होता.

"सोमा, पोरीला ठेव इथं. हंगामी वसतिगृह मंजूर आहे."

"कुठं हाय ता?"

"कुठं, ते अजून मंजूर नाही."

सोमा हसला. वाईट नाही, नेहमीसारखाच. "वाडीतली कामाची मानसं सगळी चालली गुर्जी. माझी म्हातारी आय पन संगं येतेय. पोर राहील कुनाकडं? तुमी न्या पेणला. मी नको म्हननार नाय."

गुरुजी म्हणाले, "घरी विचारतो."

घरी विमलने जेवायला वाढलं. मागची खोली रिकामी होती. मुलगा पुण्याला गेल्यापासून तिथे फक्त इस्त्रीचे कपडे राहत. गुरुजींनी आमटी कशी झालीय ते न विचारताच सांगितलं. विचारायचं होतं ते विचारलं नाही.

टेम्पो आला. करिश्मा मागे गोण्यांवर बसली होती. "गुर्जी, बरोबर उत्तर जोडलाव का?" तिने वरून विचारलं. टेम्पो सुरू झाल्यामुळे गुरुजींना उत्तर द्यावं लागलं नाही.

स्पर्धेची पाहणी मग महिन्याभरात झाली. विस्तार अधिकारी मॅडम आल्या, खुर्चीवर बसल्या. आजी-आजोबांकडे मागे राहिलेली पोरं उभी राहिली. एकेका पोराला दोन-दोन स्लाईड व्हावं लागलं. 'चूक' मात्र कोणी झालं नाही. गुरुजींनी कोणाला सांगितलंही नाही.

दत्ताचं पहिलंच उत्तर चुकलं. तो पळत बदामाखाली गेला. तिथे कोणी नव्हतं. तो थांबला, खाली मान घालून काहीतरी ऐकल्यासारखं केलं, हसला आणि परत येऊन बरोबर उत्तर दिलं. मागोमाग विलासही चुकला. तोही गेला, तसाच थांबला, आला, बरोबर.

"अहो, हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"स्लाईड आहे," गुरुजी म्हणाले.

"तिथे तर काहीच नाही!"

"हो."

मॅडमनी शेऱ्यात लिहिलं: स्वयंअध्ययनाचा उत्कृष्ट नमुना, चुकीचे प्रमाण शून्य. गाडीत बसताना म्हणाल्या, "गुरुजी, आणखी काही लागलं तर अर्ज करा. संकोच नको."

गुरुजींनी संकोच केला नाही.

"मा. गटशिक्षणाधिकारी यांस. विषय: शालेय साहित्य उपलब्ध करून देणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, आमच्या शाळेतील इयत्ता चौथीची विद्यार्थिनी कु. करिश्मा सोमा हिलम ही पालकांसह वीटभट्टीवर गेली असून ती तेथून शाळेत येऊ शकत नाही. तरी सदर वीटभट्टी माती, कामगार व धूर यांसह शाळेच्या पटांगणात स्थलांतरित करण्यात यावी, ही नम्र विनंती. शाळेची त्यास हरकत नाही."