दुसरा टब

लिलाँग्वेच्या गेस्ट हाउसात तीन रात्री गादीवर झोपून आम्ही परत तंबूंत आलो. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. बावीस वर्षं मी या ट्रकवर स्वयंपाकी आहे. नैरोबीहून निघायचं, केपटाउनला पोचायचं आणि वाटेत अठरा प्रवाशांची पोटं भरायची. छपराखाली मला झोप लागत नाही. पण त्या दुपारी नदीकाठी चूल मांडताना माझा हात चालत नव्हता, कारण जेवणानंतर भांडी घासायची वेळ येणार होती.

आमच्याकडे भांडी तीन टबांत धुतात. पहिल्यात साबण, दुसऱ्यात जंतुनाशक, तिसऱ्यात साधं पाणी. मग ताट हवेत फडफडवून वाळवायचं, फडकं लावायचं नाही. प्रवासी हे काम पाळीपाळीनं करतात. जंतुनाशकाची बाटली मात्र माझ्या ताब्यात. लिलाँग्वेच्या आधी आम्ही सरोवराकाठी मुक्कामाला असताना ती संपली. आदल्या गावात नवी घ्यायला मी विसरलो होतो, आणि आमचा ड्रायव्हर गारिकाई विसरण्यावरून चारचौघांत सालटी काढतो. म्हणून मी बाटलीत साधं पाणी भरून ठेवलं. म्हटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी नऊ जण जुलाब-उलट्यांनी आडवे झाले; गेस्ट हाउस घ्यावं लागलं ते त्यामुळेच.

आदल्या दिवशी भांड्यांची पाळी बोडिलबाईंची होती. चौसष्ट वर्षांच्या, डेन्मार्कच्या, चाळीस वर्षं इस्पितळात नर्स. गारिकाईनं विचारलं, "टबात जंतुनाशक टाकलं होतं ना?"

"दोन झाकणं टाकली," त्या म्हणाल्या.

तोवर मी आजाऱ्यांची औषधं आणायला म्हणून गावात जाऊन नवी बाटली आणली होती आणि जुनीच्या जागी ठेवली होती. मी म्हणालो, "बाटली तर भरलेलीच आहे." एवढंच म्हणालो. पुढचं सगळ्यांनी आपापलं म्हणून घेतलं. बाई ती बाटली हातात घेऊन कितीतरी वेळ बघत उभ्या राहिल्या.

आणि आता तंबू ठोकून होताहेत तोच प्रवाशांतला उंच येल्ले ओरडला, "आजी, तुम्ही टबाकडे फिरकू नका हं! आमची पोटं आत्ताच दुरुस्त होऊन आलीयत!"

सगळे हसले. बाईही हसल्या. मग त्यांनी नळावर जाऊन हात धुतले आणि त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

"भाजी चिरायला तरी देशील का रे, वफुला?"

मी सुकुमाच्या पालेभाजीची जुडी आणि सुरी पुढे केली. चिरता चिरता त्या म्हणाल्या,

"लुसाकाला मी उतरतेय. गारिकाईला सांगितलं."

"असं काय करता? अजून धबधबा आहे, वाळवंट आहे. येल्लेचं काय मनावर घेता, त्याची जीभ त्याच्या पायांहून लांब आहे."

"येल्लेचं नाही रे. माझ्या बहिणीचं असंच सुरू झालं. गॅस बंद केलाय म्हणून शपथेवर सांगायची आणि गॅस चालू असायचा. आता ती मला ओळखत नाही. मला ती दोन झाकणं अजून दिसतात, टबात ओतताना. आणि बाटली भरलेली. घरी जाऊन डोकं तपासून घेते."

माझे कान तापले. तरी पहिल्यांदा मनात काय आलं सांगतो. लुसाका दोन दिवसांवर आहे, बाई उतरतील आणि विषय मिटेल, असं आलं. पाणी भरलं त्याहून मला याची जास्त लाज वाटते.

त्यांनी चिरणं थांबवलं आणि हळूच विचारलं, "मी आत्ता हात धुतले ना? तू बघितलंस?"

नर्सबाई मला विचारत होत्या. मला!

"धुतलेत," मी म्हणालो. "आणि झाकणंही टाकलीत. बाटलीत पाणी होतं, बाई. मी भरलं होतं. भरलेली बाटली मी नंतर आणून ठेवली."

आता ओरडतील म्हणून मी मान खाली घातली.

"म्हणजे मी टाकली होती?"

"टाकली होती."

"दोन?"

"दोन."

त्यांनी सुरी खाली ठेवली आणि त्या कोपरात तोंड लपवून रडल्या. मग खिशातून एक छोटी वही काढून माझ्यासमोर उघडली. गेस्ट हाउसात गेल्यापासूनच्या नोंदी होत्या. गोळी घेतली. दार लावलं. नळ बंद केला. प्रत्येकीपुढे वेळ.

"यात लिही. तुझ्या हातानं."

"सगळ्यांसमोर सांगतो ना, आत्ता बोलावतो सगळ्यांना."

"ते सांगशीलच. आधी लिही. उद्या मला वाटायला नको, की हे मी मनानंच रचलं."

ओल्या हातानं मी लिहिलं. त्यांनी दोनदा वाचलं, आणि वही परत माझ्यापुढे सरकवली.

"तारीख घाल," म्हणाल्या.