हँडल वर ठेवायची रीत

त्या वर्षी सातपूरला दुपारची वीज हमखास जायची. वीज गेली की इतर कारखान्यांतले कामगार लिंबाखाली बसून तंबाखू मळत. लोखंड ओतणाऱ्या या छोट्या कारखान्यात मात्र तेव्हाच दुरुस्तीची घाई सुरू होई. मालक शेठजींचं म्हणणं असं, की वीज असताना मशीन थांबवणं म्हणजे लक्ष्मीला दारातून परत पाठवणं. वीज नसताना ते आपसूक थांबलेलंच असतं, तेव्हा काय ते खरवडा, बदला, पुसा. आणि वीज परत येताच काम सुरू व्हावं म्हणून भिंतीवरच्या मोठ्या स्विचचं हँडल वर, म्हणजे चालूच, ठेवायचं. या रीतीचं शेठजींना भारी कौतुक होतं. पाहुण्यांना ते ती आवर्जून सांगत.

साच्यांची वाळू कालवणारा मिक्सर म्हणजे छातीइतका उंच लोखंडी हौद. त्यात जड चाकं आणि पाती गरगर फिरत. पाती झिजली की माणसाने आत उतरायचं. स्विच खांबाच्या आड असल्याने आतल्या माणसाला तो दिसत नसे. यावर बंदोबस्त एकच होता. दरवर्षी खंडेनवमीला मिक्सरपुढे बोकड कापायचा आणि हौदाच्या काठाला शेंदूर फासायचा.

आत उतरायचं काम सहादू गांगुर्डे करी. श्रावणातल्या एका सकाळी तो भाकरी खात होता आणि त्याची बायको कुसाबाई सुपात विडीची पानं कातरत बसली होती.

"मालकाला इचारलं काल," सहादू म्हणाला. "म्हणलं, मी आत उतरतो तवा हँडल खाली करून त्याला कुलूप लावू द्या. चावी माझ्या खिशात राहील."

"मग?"

"म्हणले, सहादू, आपण सगळी घरची माणसं. घरात कुणी एकमेकांना कुलूप लावतं का?" तो हसला. "आन् चिमाजी फोरमन म्हणतो, तू बोकडाला हात जोडत नाय, म्हणून तुला भ्या वाटतं."

"नका उतरू मग."

"मी नाय तर माझ्या जोडीचा नाथा उतरंल. त्याची बायको काय येगळी हाय का?"

सहादूच्या घराने धम्म घेतलेला. मुक्या जनावराचा जीव घेऊन लोखंड शांत होतं, हे त्याला पटत नसे आणि तो ते बोलूनही दाखवी. त्या दुपारी वीज गेली, सहादू हौदात उतरला. रोजच्यापेक्षा वीज लवकर आली. नाथा खांबाकडे धावला, पण हँडलपर्यंत पोहोचेस्तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

चौकशी झाली. हँडल कुणी वर केलं? कुणीच नाही, ते आधीपासून वर होतं. बटण कुणी दाबलं? कुणीच नाही. तेव्हा दोषी कुणीच निघालं नाही. मग चिमाजीने सगळ्यांना समजेल असा निकाल दिला. कुणी चालू न करता मशीन फिरलं, म्हणजे त्याला बळी हवा होता. जो बोकडाला नाही म्हणत होता, त्यालाच त्याने घेतलं. इतका सोयीचा निकाल कुठल्या कोर्टानेही दिला नसता.

पण निकाल शेठजींच्याच अंगाशी आला. मशीन माणूस मागतं म्हटल्यावर हौदात उतरायला कुणी धजेना. माल अडला. तेव्हा चिमाजीने उपाय सुचवला, की गेलेल्याच्या घरच्या माणसाने खंडेनवमीला मशीनपुढे नारळ फोडून माफी मागितली तर कोप उतरेल. एरवी विधवेची सावली पूजेवर पडू न देणारी ही माणसं, पण अडला हरी.

शेठजी स्वतः घरी आले. "वाळू चाळायला बाया लागतातच," ते म्हणाले. "दसऱ्यापासून तुम्ही या. कायमचं काम. फक्त तेवढा नारळ फोडा." कुसाबाईला त्यांनी जन्मात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं होतं.

ते गेल्यावर सासू नवसाबाई म्हणाली, "कुसे, फोड की. विड्यांवर दोन लेकरं जगायची नायत."

"आत्याबाई, नारळ फोडला तर त्यांच्यात दोष होता म्हणून मीच कबूल केल्यागत हाय."

"त्यो गेला. त्याला आता काय लागतंय? लेकरं हायेत मागं."

भुकेपुढे मानाचं बोलणं जड जातं. खंडेनवमीला कुसाबाई पांढरं लुगडं नेसून कारखान्यात गेली, ती नारळ फोडायचाच असं ठरवून.

पूजाही वीज नसतानाच ठेवली होती, काम बुडायला नको. मिक्सरला झेंडूची माळ, बाजूला बांधलेला बोकड. नारळ फुटला की लगेच नाथा आत उतरून पाती बदलणार होता. घामाने डबडबलेला नाथा हौदाच्या काठावर बसला होता, एक पाय आत, एक बाहेर.

कुसाबाईच्या हातात नारळ दिला. तिने नाथाकडे पाहिलं.

"नाथाभाऊ, हँडल कुठं हाय?"

"खांबामागं."

"वर हाय का खाली?"

नाथाने हौदातल्या आपल्या पायाकडे पाहिलं. चिमाजी म्हणाला, "बाई, मुहूर्त जाईल."

नारळ हातात धरूनच ती खांबामागे गेली. हँडल वर होतं. तिथेही शेंदूर लावला होता. तिने नारळ खाली ठेवला, दोन्ही हातांनी हँडल खाली ओढलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली.

"कुलूप आणा," ती म्हणाली. "चावी नाथाभाऊकडं द्या. मग फोडते नारळ."

"इथे कुलूप कुठलं?" शेठजी चिडले. कारखान्यात कुलपांना तोटा नव्हता. गोदामाला होतं, हत्यारांच्या पेटीला होतं, पाण्याच्या नळालासुद्धा होतं.

"हिला बाजूला घ्या," शेठजी म्हणाले. चिमाजी पुढे सरकला आणि तेवढ्यात दिवे लागले. पंखे फिरू लागले, कोपऱ्यातली धार लावायची सहाण घरघरली. मिक्सर तेवढा जागचा हलला नाही. नाथाचा पाय अजून हौदातच होता. त्याने तो हळूच बाहेर काढला.

एवढं डोळ्यांदेखत घडल्यावर काय व्हायला हवं होतं, ते सांगायला नको. झालं असं, की चिमाजी म्हणाला, "नारळाआधी वीज आली, लय वाईट शकुन. हिनंच इटाळ केला." माना हलल्या.

"काम विसर तुझं," शेठजी कुसाबाईला म्हणाले. मग नाथाकडे वळले. "तू उतरतोस की नाही?"

"कुलूप द्या, मालक. उतरतो."

"मग तूही नीघ."

बोकड कापला. शेठजींना राग यावा यात नवल नाही. पण थांबलेला मिक्सर तिथल्या प्रत्येकाने पाहिला होता, त्यांच्याही घरी लेकरं होती, आणि जाताना जो तो आपला प्रसाद बांधून घेऊन गेला. दसऱ्यानंतर पेठ तालुक्यातून आणलेला एक नवखा गडी हौदात उतरू लागला. हँडल पुन्हा वरच असे.

त्या संध्याकाळी नवसाबाई उंबऱ्यात वाट बघत होती.

"लागलं काम?"

"नाय."

म्हातारीने कपाळावर हात मारला.

"आन् नाथा?" तिने विचारलं. "उतरला का त्यो?"

"नाय उतरला. घरी गेला, त्याच्या पायानं."

नवसाबाई पदराने डोळे पुसत राहिली. "बरं केलंस," ती म्हणाली. "माझ्या लेकाच्या वक्ताला तिथं तुझ्यावानी कुणी नव्हतं गं."