सवतीचा टाक

सातवा श्वास सोडून विजयमालाबाई थांबल्या, तरी खोलीत कुणाचा तरी श्वास चालूच होता. जड, धापेचा, अगदी उजव्या कानाशी. त्यांनी डोळे उघडले. समोर देव्हारा, बाजूला सतरंजीचा रिकामा कोपरा. बाहेर सकाळचे सहा वाजले होते आणि दूधवाला शेजारच्या दारात घंटी वाजवत होता.

ध्यानाचा नाद त्यांना सौंसरच्या योगवर्गात लागला. शिकवणाऱ्या वैशालीताईंनी सांगितलं होतं, रोज एकाच वेळी, एकाच जागी बसायचं आणि आपल्या गेलेल्या माणसांपैकी कुणाला तरी वाट दाखवायला बोलवायचं. विजयमालाबाईंनी वडिलांना, पुंडलिकराव गुरुजींना, बोलावलं. मास्तर माणूस, वेळेवर येतील अशी खात्री होती. एकविसाव्या दिवशी आली ती भलतीच कोणी.

"अहो, जयवंताबाईचा श्वास कसा होता?" चहा देताना त्यांनी नवऱ्याला विचारलं.

केशवरावांची बशी तोंडाशीच थांबली. "शेवटी शेवटी लय दम लागे तिले. नववा महिना होता. काऊन विचारून राहिली?"

"काही नाही, असंच."

जयवंता ही केशवरावांची पहिली बायको. नागपूरला नेताना बोरगावच्या पुढे गाडीतच बाळंत झाली आणि तिथंच गेली. दुसरेपणी आलेल्या विजयमालाबाईंनी चालीप्रमाणे सवतीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घातला आणि सहा महिन्यांच्या मृणालला मांडीवर घेतलं. सव्वीस वर्षं झाली. स्वतःचं मूल झालं नाही, आणि खरं सांगायचं तर ते त्यांच्या लक्षातही राहिलं नाही.

आता तीच मृणाल पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती आणि नेमकी सवत येऊन बसू लागली. विजयमालाबाईंना एकच अर्थ लागला. ती आपल्या लेकीला न्यायला आली होती. त्यांनी ध्यान बंद केलं, टाक काढून देव्हाऱ्यात ठेवला. उपयोग झाला नाही. भाजी चिरताना, तुळशीला पाणी घालताना, श्वास पाठीशी उभाच.

पाचव्या सकाळी त्यांनी टाक पुन्हा गळ्यात घातला, सतरंजीवर बसल्या आणि पुटपुटल्या, "जयवंताबाई, लेकरू राहू द्या. पाहिजे तर मले न्या."

श्वास उठला. खरंच उठला; कानाशी होता तो डोक्यावर गेला आणि मृणालच्या खोलीकडे निघाला. दारात थांबला. विजयमालाबाई मागोमाग गेल्या.

मृणाल कुशीवर पडून मोबाईल पाहत होती.

"बाळ हलून राहिलं का गं?"

"कालपासून कमी हाय. झोपलं असन. डॉक्टरनं अजून बारा दिवस सांगितले ना, आई."

"ऊठ. नागपूरले चाललो आपण."

केशवराव कुरकुरले, पण गाडी बोलावली. ते पुढे बसले, मायलेकी मागे. बोरगाव मागे पडलं आणि श्वास एकदम थांबला. विजयमालाबाईंचाही थांबला. मग तो पुन्हा सुरू झाला, मृणालच्या पलीकडून, जिथं कुणीच बसलं नव्हतं.

दवाखान्यात बाळाचे ठोके उतरलेले निघाले. लगेच ऑपरेशन झालं. दुपारी मुलगी झाली, दोघी सुखरूप. आणखी तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

संध्याकाळी मृणालला नीट शुद्ध आली. "आई, तू आत माझ्या डोक्याशी उभी होती ना? किती दम लागून राहिला होता तुले."

आत कुणालाच सोडलं नव्हतं. 'हो' म्हटलं असतं तर कोण विचारायला येणार होतं? सव्वीस वर्षं आईच होत्या त्या. जिभेवर आलेला होकार त्यांनी गिळला, टाक काढला आणि मृणालच्या मुठीत ठेवला.

"मी नव्हती, बाई. तुझी आई होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या दवाखान्याच्या गॅलरीत बाकावर बसल्या. डोळे मिटून सात श्वास मोजले आणि कान देऊन थांबल्या. कोणी नव्हतं. सवयीनं हात गळ्याशी गेला आणि तसाच राहिला.