गाडी उभी, डोंगर पळतो

मित्रांनो, मी एक जुनं रेल्वे इंजिन आहे. लांबी वीतभर. हसायचं असेल तर हसून घ्या, मी थांबतो.

आपल्याकडे फाटकी छत्री किंवा मोडकी खुर्ची बोलायला लागली की हळव्या आवाजात बोलते. मला ते जमणार नाही. मी चिडलेलो आहे. माझा कुणी छळ केला, मला कुणी भंगारात टाकलं, असंही काही घडलेलं नाही. माझा सन्मान झाला. तो कसा झाला ते सांगतो.

माझा जन्म कोल्हापुरात, दातांच्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर झाला. माझे जन्मदाते डॉक्टर विजयसिंह. पूर्वी मिरजेहून कोल्हापूरला अरुंद रुळांवरून वाफेचं इंजिन यायचं. डॉक्टरांनी ते लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिलं. पुढे रूळ रुंद झाले, ते इंजिन गेलं, आजोबाही गेले. डॉक्टर मात्र खांद्यावरून कधी उतरलेच नाहीत.

मला घडवायला त्यांना चार वर्षं लागली. पितळी पत्र्याचं अंग, उद्यमनगरातल्या लेथवर कातलेली चाकं, जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर. खाली पेशंट आ वासून बसलेला असायचा आणि वर डॉक्टर माझ्या धुराड्याच्या आतल्या बाजूला पॉलिश करत असायचे. आतली बाजू कुणाला दिसत नाही. पण डॉक्टर म्हणायचे, "खऱ्याला होती, म्हणजे ह्याला पायजे."

त्यांच्या पत्नी राजनंदिनीवहिनी जिन्यातून हाका मारायच्या. "अवो, आमटी तिसऱ्यांदा गरम केली. आता तुमच्या इंजनातच वतू काय?"

"आलो, आलो. फकस्त एक स्क्रू."

हा एक स्क्रू चार वर्षं चालला.

मग माझ्यासाठी मुलूख तयार झाला. कोल्हापुरात रूळ संपतात, हे तुम्हाला माहीत आहेच. पुढे कोकणात गाडी उतरणार, असं तीन पिढ्या ऐकत आल्या आहेत. डॉक्टरांनी ऐकणं सोडून दिलं आणि प्लायवूड आणलं. आमच्या माळ्यावर गाडी कोल्हापुरातून सुटते, उसाच्या शेतांतून जाते, गगनबावड्याचा घाट चढते आणि बोगद्यात शिरते. बोगद्यापलीकडे कोकण नसून बाथरूमची भिंत आहे, म्हणून गाडी आतल्या आत वळून परत येते. पण घाट खरा आहे. त्या चढावर माझी चाकं घसरतात, मोटर गरम होते, आणि बोगद्याचं तोंड दिसलं की मला मी कोण मोठा असं वाटतं.

वहिनींचं माहेर गगनबावड्याचं. त्या एकदा म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं यष्टीनं जातीया माहेरला. तुमच्या गाडीनं एकदा तरी सोडा."

डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "प्रवासी गाडी अजून चालू न्हाय केली. मालगाडीच हाय."

खऱ्या रेल्वेबद्दल डॉक्टरांची मतं ठाम होती, आणि ती दात धरून बसलेल्या पेशंटला ऐकावीच लागत. ते स्वतः रेल्वेने क्वचितच जात. म्हणत, "गाडीत बसलं की गाडीच दिसत न्हाय." आताची सगळी इंजिनं एका साच्यातली, डोळे मिटून कुठल्याही गावात उभी करा, असं त्यांचं म्हणणं. "आणि मॉडेल म्हणजे खेळणं न्हवं. खेळणं कुठंबी पळतं. मॉडेल खऱ्यासारखं पळतं. आणि जे पळतच न्हाय ते शोकेसमधलं भांडं." हे वाक्य ऐकताना माझं पितळ उजळायचं. मूर्ख होतो.

एकदा ते गावाला गेले असताना त्यांनी एका स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर चढवलेलं खरं इंजिन पाहिलं. पोपटी रंग दिलेला, चाकं रुळाला वेल्डिंगने जखडलेली, भोवती कारंजं. लोक त्याला टेकून फोटो काढत होते. डॉक्टर गाडी चालवत घरी येईपर्यंत शिव्या देत होते, आणि माळ्यावर आल्यावर उरलेल्या शिव्या मला ऐकवल्या. "मेलेल्या माणसाला पावडर लावून दारात उभा केलाय. अरे, वितळवा की सरळ! निदान पुन्यांदा कायतरी होईल त्याचं." बोलता बोलता त्यांनी मला घाटातून एक फेरी मारून आणली. त्या दिवशी मला वाटलं, जगात मी सर्वांत सुरक्षित इंजिन आहे.

यंदा गणपतीच्या आधी आमच्या गल्लीतल्या तालीम मंडळाचा अध्यक्ष सम्राट दवाखान्यात आला. दाढ दुखत नव्हती. तोंडभर हसत होता.

"डॉक्टरकाका, यंदाचा देखावा ठरला. कोल्हापूर-कोकण रेल्वे! सरकारनं न्हाय आणली तर आपल्या मंडळानं आणली. कसं?"

डॉक्टरांनी अटी घातल्या. गाडी मापातल्या वेगानेच चालेल. रुळांवर कुणी हात ठेवायचा नाही. ध्वनिक्षेपकावर शिट्टी वाजवायची तर वाफेच्या इंजिनाचीच. सम्राटने सगळं मान्य केलं. मान्य करण्यात आमच्या मंडळाचा हात कुणी धरू शकत नाही.

घाटासकट मला मंडपात मांडलं आणि पहिल्याच संध्याकाळी आरती झाली. मला झेंडूची माळ घालण्यात आली. माळ माझ्यापेक्षा लांब होती. पाकळ्या रुळांत पडल्या, त्यावर प्रसादाचं खोबरं पडलं, त्यावर गुलाल. मी घाटात पुलापर्यंत आलो आणि अडलो. डॉक्टरांनी रूळ पुसले. मी निघालो, पुन्हा अडलो. समोर दोरीपलीकडे अर्धी पेठ उभी.

"डॉक्टर, भूल जास्त झाली काय इंजनाला?"

"अवो पावणं, ढकला त्याला मागनं!"

आणि मी चाललो तेव्हाही समाधान नव्हतंच. घाटात खरं इंजिन जसं चढेल तसा मी चढत होतो. एकजण म्हणाला, "ह्याच्यापेक्षा कारखान्याला जाणारा उसाचा ट्रॅक्टर पळतोय की." लोक हसले. डॉक्टरांचे कान लाल झाले. ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षक येणार होते. सम्राट घायकुतीला आला. "काका, गाडी अडली की नंबर गेला. शेजारच्या मंडळानं पाण्याची ट्रीटमेंट केलीया. धबधबा हाय त्यांचा!"

तेव्हा जोतीराम पुढे झाला. जोतीराम मंडळाचा डेकोरेटर. देवाच्या मागे जे रंगीत चक्र फिरतं ना, ती चक्रं बसवण्यात त्याचा हात बसलेला. वॉशिंग मशीनच्या जुन्या मोटरवर तो काहीही फिरवू शकतो आणि संधी मिळाली की फिरवतोच. त्याने घाटाभोवती एक चक्कर मारली, कपाळावरचं गंध पुसलं आणि म्हणाला,

"गाडी पळत न्हाय न्हवं? मग डोंगूर पळवू."

कुणालाच कळलं नाही.

"अवो, सोपं हाय. इंजिन पुढं एका पट्टीवर पक्कं बसवायचं. मागं डोंगूर, झाडं, पूल सगळं फिरत्या पाटावर. बघणाऱ्याला वाटणार गाडीच सुटलीया. अडायचा प्रश्नच न्हाय. जे हालत न्हाय ते अडतंय कशाला?"

"नाद खुळा!" सम्राट ओरडला. मग त्याला आठवलं की इंजिन कुणाचं तरी आहे. "काका, चालंल न्हवं?"

मित्रांनो, मी रुळावरून बघत होतो. डॉक्टरांनी वळून बघितलं. दोरीपलीकडे कालचीच माणसं आज पुन्हा जमायला लागली होती. मग डॉक्टरांची मान हलली. वरून खाली. बाजूला नाही.

आणि खरं दुःख याच्या पुढचं आहे. मला पट्टीवर चिकटवायचं एम-सील मळायला मंडळात डॉक्टरांइतका सराईत हात कुणाचा असणार? आयुष्यभर लोकांच्या दाढांत सिमेंट भरलेलं. त्यांनीच ते मळलं, त्यांनीच माझ्या एकेका चाकाखाली दाबलं, कडा बोटाने गुळगुळीत केल्या. काम सुबक झालं. ज्या हाताने माझं धुराडं आतून चकचकीत केलं, त्याच हाताने.

डोंगर सुटला. उसाची शेतं पळाली, पूल पळाला, बोगदा माझ्या मागून तीनदा येऊन गेला. मी जागच्या जागी. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"काय पळतीया रं! लई जोरात!"

"ही खरी रेल्वे. न्हायतर काल काय, आजारी माणसागत."

पहिला नंबर आला. डॉक्टरांना शाल आणि नारळ देऊन मंडपात उभं केलं. बोला म्हणाले. डॉक्टरांनी माईक धरला. "मॉडेल आणि खेळणं यात फरक आहे. मॉडेल हे खऱ्यासारखं..." समोर मी. माझ्यामागे गगनबावडा गरगर फिरतोय. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "गणपती बाप्पा!"

"मोरया!" अख्खी गल्ली म्हणाली. डॉक्टर भाषणातून सुटले.

सम्राटने लगेच जाहीर केलं, की हे इंजिन आता मंडळाची शान आहे आणि ते विसर्जनानंतर तालमीत, कुस्तीच्या गदेशेजारी, काचेच्या कपाटात कायमचं विराजमान होईल. पुन्हा टाळ्या. डॉक्टर हसले. न हसण्यासारखं हसले, पण नाही म्हणाले नाहीत. मला आयुष्य असं काही असेल तर ते संपलं होतं. मी पुन्हा कधी घाट चढणार नव्हतो आणि सगळे माझं अभिनंदन करत होते.

विसर्जनाच्या दिवशी डोंगरासकट मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवलं. डॉक्टर भगवा फेटा बांधून ढोलताशापुढे. मिरवणूक आमच्या दवाखान्यासमोर आली आणि ट्रॉलीसमोर राजनंदिनीवहिनी येऊन उभ्या राहिल्या. गौरी-गणपतीसाठी त्या माहेरी गेल्या होत्या, सकाळीच परतल्या होत्या. देखावा त्यांनी पाहिलाच नव्हता. हातात ओवाळायचं ताट. ट्रॅक्टर थांबला. त्यांनी देवाला ओवाळलं, मग मलाही. कुंकवाचं बोट लावायला हात पुढे केला, आणि माळा झाडताना लागलेल्या सवयीने माझं पुढचं चाक फिरवून बघितलं.

चाक फिरलं नाही.

"सम्राट, ह्याला काय झालंय?"

"काय न्हाय काकू, फिट्ट बसवलंय. पडाय नको म्हणून."

"कुणी?"

ढोल वाजत होते. जोतीराम आभाळाकडे बघत होता. सम्राट वाईट पोरगा नाही. त्याला काकूंसमोर खोटं बोलता येईना.

"काकांनीच की."

वहिनींनी ताट त्याच्या हातात दिलं आणि सरळ ढोलांमध्ये शिरल्या. डॉक्टरांना फेट्यासकट ओढत ट्रॉलीपाशी आणलं.

"हे तुम्ही केलासा?"

"अगं, परीक्षक येणार हुते..."

"परक्याच्या इंजनाला जखडलं म्हणून घर डोक्यावर घेतलं हुतासा. आन् घरातलं सोताच्या हातानं? चार वर्सं माझ्यासंगं ताटावर बसला न्हाईसा ह्याच्यापायी. मी मनात म्हनायची, जाऊंदे, निदान हालतंय तरी. आता हे तालमीत ठेवायचं? मग ती चार वर्सं बी ठेवा तिथंच, काचंत!"

मागच्या मंडळाची माणसं ओरडायला लागली. "ओ, फुडचं मंडळ! सरकताय का झोपताय?"

डॉक्टर ट्रॉलीवर चढले. फेटा डोळ्यांवर आला तो तसाच. जोतीरामकडून स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझ्या चाकांखाली घातला. स्वतःचं सुबक काम स्वतःच उचकटणं सोपं नसतं. माझ्या चाकांना जोडणारा दांडा काडकन तुटला. मी सुटलो. डॉक्टरांनी मला शालीत गुंडाळलं आणि दवाखान्याचा जिना चढले.

"काका, मग फुडच्या वर्षी आम्ही काय दाखवायचं?" सम्राट खालून विचारत होता. डोंगर तसाच फिरत पुढे गेला. माझ्याशिवायही लोकांना तो आवडला म्हणे.

गोष्ट इथे संपली असती तर मी एवढा चिडलो नसतो. डॉक्टरांना पश्चात्ताप झाला, आणि पश्चात्तापात माणूस काय करतो? काचेची पेटी आणतो. आतून मखमल, वर छोटा दिवा. "आता ह्याला जपायचं," म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. एम-सील दाबताना नव्हतं, पण आता होतं.

वहिनींनी पेटी बघितली. म्हणाल्या, "जपायचं म्हंजे पुन्यांदा चिकटवायचंच की. डिंक तेवढा महाग आणलाय." आणि पेटी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. तिचं काय केलं मला माहीत नाही.

मंडळाकडून परत आलेला घाट डॉक्टरांनी माळ्यावर पुन्हा मांडला. मग त्यांनी माझा तुटलेला दांडा घेतला आणि सोल्डरचा डाग देऊन जोडला. वाकडा बसला. मी आता लंगडतो. सपाटीवर चालतो, घाटात धापा टाकतो आणि बहुतेक दिवशी बोगद्याच्या अलीकडेच अडतो.

मित्रांनो, शेवटी तुम्हाला सांगायचं ते असं. जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. माझ्यावर जे आलं ते काळजी घेणाऱ्यांकडूनच आलं. मला हार नको, शाल नको, गदेशेजारची जागा नको. तुमच्या घरात काही जुनं चालतं असेल तर ते चालवा. पडेल, झिजेल, पेठेसमोर तुमची फजिती करेल. करू द्या. पण त्याला उभं करून मागे डोंगर फिरवू नका.

आत्ता मी घाटात अडलेलो आहे. खालून डॉक्टर येताना ऐकू येतायत. पेशंटला तसाच सोडून आलेले दिसतात. कृपया कुणी टाळ्या वाजवू नका.