कारण: स्वतःचा मूर्खपणा

खालच्या मजल्यावरचा माणूस आमच्या पाइपला दोरी बांधतो की नाही, हे बघायला मी बाल्कनीच्या गजांतून डोकं बाहेर काढलं. ते परत आत येईना. बायकोने तेल लावलं, साबण लावला, शेवटी अग्निशमन दलाला फोन लावला.

गज कापून मला सोडवल्यावर त्यांच्या साहेबांनी एक फॉर्म काढला. "काकू, नवा नियम आहे. अपघात असेल तर फुकट. स्वतःचा मूर्खपणा असेल तर बिल भरायचं. कारणावर घरच्यांनी खूण करून सही करायची."

हा कसला डोंबलाचा नियम! जीव वाचवायचेसुद्धा पैसे घेणार? मी तावातावाने भांडत होतो, पण आतून निर्धास्त होतो. आमची ही एका लिंबासाठी भाजीवाल्याशी अर्धा तास हुज्जत घालते.

तिने शांतपणे विचारलं, "मूर्खपणाच्या पावतीवर सरकारी शिक्का असतो का हो?"

"असतो ना. चांगला गोल, जांभळा."

"तीस वर्षं मी नुसतं तोंडी सांगतेय," म्हणत तिने पर्स उघडली.

पावती आता हॉलमध्ये आमच्या लग्नाच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावलीय. खिळा मलाच ठोकायला लावला.